सोन्याची पिन आणि सरांचे जावई

"वैनी, ऐकलं का? सरांच्या जावयानं पुण्यावनं सोन्याची वायर आणलीया."

कपडे वाळत घालता घालता आक्कांनी भिंतीवरून मान वर काढली, की आपली भाजी करपणार हे ठरलेलं. मी आत जाऊन गॅसच बंद करून आले.

"सोन्याची?"

"म्हंजी पिनंला सोन्याचा मुलामा. दीड हजार मोजलं म्हणं. आन् वाजतंय काय? काय बी न्हाई."

नातेपुत्यात दीड हजाराची वायर हा दोन दिवस पुरणारा विषय. पण आक्कांना त्यातलं कळतंही. त्यांच्याकडे मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता. तात्या खांबावर कर्णे बांधायचे आणि तुटलेल्या पिनांना घरी डाग द्यायच्या आक्का. अजूनही कुणाकडे काही वाजेनासं झालं की हाक भिंतीपलीकडे जाते.

सरांकडे जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याला दोन लाकडी स्पीकर. कॅसेटी संपल्या आणि तो मुका झाला. जावयाकडे गूगलची 'क्रोमकास्ट ऑडिओ' ही गोल डबी पडून होती. २०१५ साली निघालेली. २०१९ च्या जानेवारीत कंपनीने ती बंद केली, पण असलेल्या डब्या चालतात. ती वायफायवरून गाणं स्वतःच ओढून घेते, फोनने नुसतं कुठलं ते सांगायचं. त्यामुळे ब्लूटूथवर होतं तसं, कुणाचा फोन आला की अभंग मध्येच तुटत नाही. आषाढात माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला असते, सरांकडे दिंडीतली माणसं उतरतात. त्याआधी बैठकीतला ॲम्प्लिफायर बोलता करायचा, हा जावईबापूंचा बेत.

"मग अडलं कुठं?"

"पिनंतच की! थांबा, दावते."

आक्का आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यातून एक बारकी पिन काढून त्यांनी भिंतीवर ठेवली. "ही साडेतीन एमेमची. डबीला असलं एकच भोक. हिच्यावर काळ्या रेघा किती? दोन. टोकाला डावा आवाज, मधी उजवा आन् बुडाशी अर्थ. तीन रेघा आसल्या तर ती माईकवाल्या इयरफोनची, ती हितं नको."

"आणि ॲम्प्लिफायरला?"

"त्याच्या पाठीमागं लाल-पांढऱ्याची जोडी. म्हंजी वायर कसली पायजे? एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना. दीड-दोनशेला अकलूजला कुठंबी मिळंल. जावयानं आणली ती दोनी टोकांला ही बारकीच पिन आसलेली. आवो, तसली आखूड वायर डबीसंगट फुकट येती! घरात होती तीच पुन्हा इकत आणली, सोनं लावून."

मी हसले, तर आक्कांनी आवाज खाली आणला. सरांच्या बाई भाजी घेऊन समोरून चालल्या होत्या. त्या वळणापलीकडे गेल्यावर गाडी पुढे निघाली.

"दुसरी एक आणली ती उजेडाची."

म्हणजे ऑप्टिकल. डबीचं तेच एक भोक दुहेरी कामाचं आहे: साध्या पिनेने तारेतून आवाज देतं, ऑप्टिकल केबल घातली तर लाल उजेडातून. उजेडातून वीज जात नाही, त्यामुळे अर्थिंगची घरघर तिकडून येत नाही. पण समोरच्या यंत्राला तसं चौकोनी भोक हवं. नव्या साउंडबारला ते बहुधा असतं. सरांच्या ॲम्प्लिफायरला कुठून असणार? कॅसेटच्या जमान्यातला तो.

"शेवटी मीच गेले," आक्का म्हणाल्या. "आमच्या डब्यातली लाल-पांढरी वायर नेली. तवर जावयानं काय केलतं? मागं 'फोनो' लिहिलंय तितं जुनी कसलीतरी वायर खुपसली हुती. म्हणं, फोनवरनं लावायचं म्हंजी फोनोच की!"

"मग?"

"मग काय, रेडा हंबरल्यागत आवाज! आवो, ती जागा तबकडीची. सुईतनं आवाज निघतो नखाएवढा, म्हणून तितं तो लय वाढवत्यात. ह्या डबीचा आवाज आधीच तगडा. काढली तितनं आन् 'ऑक्स'मधी घातली. 'टेप इन' आसलं तरी चालतंय. 'टेप आऊट'मधी न्हाई. ते बाहीर द्यायचं."

"झालं सुरू?"

"झालं, पण घूंऽऽ चालूच. बघितलं तर डबीचा चार्जर फ्रिजच्या बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसरीकडं, आन् आवाजाची वायर लाइटच्या वायरीला गुंडाळल्याली. घरातल्या लाइनीचा पन्नास हर्ट्‌झ तो, असा आत शिरतो. सगळं एका बोर्डावर घेतलं, वायर बाजूला काढली, गप झालं. वायर म्हंजी मीटर-दीड मीटर पुष्कळ. डबी ॲम्प्लिफायरच्या बुडाशीच ठेवायची. लांब न्यायचीच तर स्पीकरची वायर न्यावी."

सोन्याबद्दल मात्र आक्का अगदीच वाईट बोलल्या नाहीत. सोनं गंजत नाही, एवढा त्याचा गुण. रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत त्याला अर्थ आहे; माळशिरस तालुक्यात पावसाचीच वानवा, तिथे पिन गंजायला किती वर्षं लागतील! मीटरभर वायरीत आवाजाला त्याने काही फरक पडत नाही. पिन घट्ट बसते का, डाग पक्का आहे का आणि वर जाळीचं आवरण आहे का, एवढं बघून घ्यावं.

"आणि सर काय म्हणाले?"

"सर म्हणले, आवाज पोकळ येतोय. खरंच येत हुता. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडल्याली. एक पडदा फुडं येतोय तवर दुसरा मागं, मृदंगाची थाप जाती कुठं? सुलट केली. जावयानं कबूल केलं का? म्हणला, डबीच तापली आसंल."

"आता त्या सोन्याच्या वायरीचं काय?"

"दुकानदार परत घेत न्हाई, पाकीट फोडलंय. सरांच्या बाईनं कालच इचारलं, आक्का, तुमाला पायजे का, आठशेला. मी म्हणलं, जावयाची भेट हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आन् वैनी, तुमाला इचारायला आल्या तर मी काय सांगितलंय ते बोलू नका बरं."