नव्या मास्तरांसाठी : फासे कसे टाकावेत

नुकतीच नेमणूक झाली आहे, शाळा पारोळा-शिरपूरकडे कुठेतरी आहे, आणि दहावीच्या गणिताचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर मिळाला आहे (तो नव्या माणसालाच देतात) असं गृहीत धरतो. उन्हं चढली की पत्र्याखाली बसलेली पोरं बीजगणिताकडे ज्या नजरेने बघतात ती पाहून तुम्हालाही वाटेल, उजळणी खेळातून घ्यावी. जरूर घ्या. फक्त खालच्या सूचना वाचून घ्या.

साहित्यासाठी मुख्याध्यापकांकडे पैसे मागू नका. पूर्वी याची सोय होती. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि लेखाच्या जुन्या मराठीतल्या ओळींत मठाला दर घाण्यामागे पळीभर तेल लावून दिलं आहे. गणित शिकवायला तेल! तुम्हाला खडूचं खोकं मिळेल, तेही सही करून. तेव्हा दोन फासे घरच्या सापशिडीतून काढा आणि धाकट्याला ते हरवल्याचं सांगा.

बक्षीस केळ्याचं ठेवू नका. रावेर-यावलकडच्या पोराला केळं बक्षीस दिलं तर तो तुमच्याकडे दयेने बघतो.

सुरुवात हाऊजीने करा. आकडा पुकारायचा नाही, गणित पुकारायचं : चौसष्टचं वर्गमूळ, तीन, सात, अकरा या श्रेढीचं दहावं पद. प्रत्येकाचं तिकीट वेगळं असल्यामुळे कॉपी होत नाही, असं तुम्ही शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने सांगाल. सांगू नका. हुशार पोराची पेन्सिल एकोणचाळीसवर गेलेली आजूबाजूच्या चौघांना दिसते, आणि ज्याच्या तिकिटावर एकोणचाळीस आहे तो ते बिनदिक्कत खोडतो. उपाय एकच : पाच गणितं वहीत सोडवून घ्या, मगच तिकिटाला हात.

पत्त्यांचं बरं असतं. आखाजीला गावोगाव डाव पडतात, त्यामुळे पोरांना इस्पिक-किलवर शिकवावं लागत नाही. उलट पत्ते पिसायची तुमची पद्धत बघून ती हसतात. काळे पत्ते जमा, लाल पत्ते उधारी. एक्का एक, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. बावन्नच्या बावन्न वाटा, प्रत्येकाने आपली बेरीज काढून फळ्यावर लिहायची. सगळ्यांची मिळून शून्यच यायला हवी. एकदा आमच्या वर्गात उणे तेरा आली. वर्गाने आधी बेरीज दोनदा तपासली, मग एकमेकांची दप्तरं. किलवरचा राजा कंपासपेटीत सापडला, आणि ज्याच्या पेटीत सापडला त्यानेच फळ्यावरची बेरीज सगळ्यांत मन लावून तपासली होती. ऋण संख्यांचा इतका सराव मी वर्षभरात करून घेतला नव्हता.

भूमितीला खेळ सुचला नाही तर 'लीलावती'तून उचला. भास्कराचार्य तक्रार करणार नाहीत. बत्तीस हातांचा बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर मोडला कुठे? निम्मा वर्ग सुतळीला बत्तीस गाठी मारून मैदानात, निम्मा वर्ग पायथागोरस घेऊन आत. उत्तर बारा. सुतळीवाले बहुधा साडेअकरा आणि बारा यांच्यामध्ये भांडत असतात.

आता शर्यत. खरं तर याच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

फळ्यावर एक ते बारा बैल मांडा. प्रत्येकाला हवा तो बैल निवडू द्या. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो बैल एक घर पुढे. एक हा आकडा मुद्दाम लिहायचा. 'एक नंबर' म्हणून कुणीतरी त्यावर झडप घालतोच. आमच्याकडे मागच्या बाकावरच्या एका गड्याने घातली, आणि बाकीच्यांकडे बघून कॉलरही ताठ केली. दहा डाव झाले. सात पुढे, सहा आणि आठ त्याच्या मागोमाग, दोन आणि बारा जागचे हलायला तयार नाहीत. वीस डाव झाले. गडी दर वेळी हात जोडतो, डोळे मिटतो, शेजारी फिदीफिदी हसतो. शेवटी तो उठला, "सर, मन्हा बैल चालीच नही ऱ्हायना!"

इथे तोंड उघडू नका. नव्या मास्तरांची चूक इथेच होते. त्यांना लगेच व्याख्या आठवते. मी खडू खाली ठेवला आणि फासे त्याच्या हातात दिले. त्याने टाकले, चार आले. टाकले, नऊ आले. मग त्याने फासे टाकले नाहीत, बोटांनी फिरवून दोन्हीवर एक-एक ठिपका वर आणला आणि बराच वेळ बघत राहिला. "कमीत कमी दोनच," तो म्हणाला, आणि खाली बसला. अशक्य घटना हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, संभाव्यता शून्य. मग सातच का धावतो हे वर्गानेच विचारलं. छत्तीस जोड्या लिहून काढल्या : सात सहा तऱ्हांनी, बारा एकाच.

एक सूचना राहिली. पुढच्या आठवड्यात हीच शर्यत पुन्हा लावली तर सातसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतील आणि एक कुणी घेणार नाही. आमच्याकडे त्या वेळी आठ जिंकला.