वळणराव

वळणरावाला रस्ता विचारू नये. वाशीमच्या पाटणी चौकातून पुसद नाक्याला कसं जायचं, एवढंच परगावच्या एका गृहस्थांनी त्याला विचारलं होतं. कुणीही हात दाखवून मोकळा झाला असता. हा म्हणाला, "पुढं उजवीकडं वळा. पण एकदम काटकोनात वळसान तर कोपरा लागते. मोठ्या त्रिज्येनं घ्या." गृहस्थांनी मुकाट्याने ऑटो केला.

आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, वळणराव हे आम्ही ठेवलेलं. पोटापाण्यासाठी त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथे होतं. गिऱ्हाइकाला दिसतो तो फॉर्म, आणि फॉर्मच्या मागच्या खिडकीत उघडा असतो ट्रेंचब्रूम. सोयाबीनचा विमा भरायला आलेले काकाजी बाकावर ताटकळतात. वळणराव पडद्यावरून नजर न काढता म्हणतो, "थांबा काकाजी, सर्व्हर डाऊन हाय." सर्व्हर ठणठणीत असतो. भिंतीचं एक टोक ग्रिडवरून सुटलेलं असतं.

ट्रेंचब्रूम हा 'क्वेक'चे नकाशे रचण्याचा फुकट मिळणारा एडिटर. 'क्वेक' म्हणजे आयडी सॉफ्टवेअरचा १९९६ सालचा गेम. बंदूक घेऊन अंधाऱ्या बोळांतून पळायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. वळणरावाने कुणाला उडवल्याचं आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तो बोळ बांधतो. त्यातही सरळ बोळ त्याच्या लेखी नगण्य. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा सगळे गाड्या घेऊन बघायला धावले. हाही गेला आणि तोंड पाडून परत आला. "दीडशेच्या स्पीडसाठी आखला तो. वळते कधी तेच समजत नाई," हा त्याचा अभिप्राय.

अडचण अशी की क्वेकच्या दुनियेत गोल काही नसतंच. तिथल्या भिंती ज्या ठोकळ्यांच्या होतात त्यांना ब्रश म्हणतात. ब्रशची प्रत्येक बाजू सपाट हवी आणि तो कुठेही आत दबलेला चालत नाही. म्हणजे वळणाचा बोळ करायचा तर तो सरळ तुकडे जोडूनच. शिवाय तुकड्यांची टोकं पूर्णांकी घरांवर बसलेली बरी, नाहीतर जोडात केसाएवढी फट राहू शकते. बाहेरच्या पोकळीपर्यंत फट गेली की कंपायलर 'लीक' म्हणून ओरडतो आणि कुठून काय दिसतं याचा हिशेब करायचं नाकारतो. मग आतल्या एखाद्या वस्तूपासून बाहेरच्या पोकळीपर्यंत एक रेघ काढून दाखवतो, की बाबा, इथून गळतंय. पावसाळ्यात वळणरावाच्या दुकानाचं छतही गळतं. तिथे अशी रेघ निघत नसल्याने ते तसंच आहे.

आता तो बांधतोय काय, तर अजिंठा. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अकोल्यातून फुटून जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला, पण वळणराव बोलतो ते पाचव्या शतकातल्या हरिषेण राजाचा पुतण्या असल्यागत. "अजिंठा आपलाच. संभाजीनगरवाले निस्ता सांभाळून राह्यले." हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं, हे तिथल्या शिलालेखातच आहे. म्हणजे वाशीमचा हक्क पक्का. पंचाईत एकच, ते लेणं चौकोनी आहे.

वळणरावाने हरिषेणाच्या मंत्र्याला बाजूला सारलं आणि २६ क्रमांकाचं चैत्यगृह धरलं. तिथे स्तूपामागे खांबांची रांग अर्धगोल फिरते आणि खांबांमागून प्रदक्षिणेचा मार्ग जातो. म्हणजे दगडात कोरलेला वळणाचा बोळच. ते करवून घेतलं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने, अश्मक नावाच्या राज्याच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ. अश्मकाचं आणि वत्सगुल्माचं फारसं पटत नव्हतं, असं काही इतिहासकार मानतात. हा विषय काढला की वळणरावाला कमी ऐकू येतं.

आम्ही सगळे मिळून एकदा अजिंठ्याला गेलो होतो. त्या लेण्यात डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सुमारे सात मीटर लांब. माणसं त्यापुढे हात जोडून उभी होती. वळणराव त्याच्याकडे पाठ करून खांबांमधली अंतरं पावलांनी मोजत होता. रखवालदाराने हटकलं तर म्हणाला, "मागचा मोड पाहून राह्यलो." बाहेर आल्यावर त्याने सिद्धान्त मांडला. १९९८च्या 'अनरियल'च्या एडिटरमध्ये दुनिया आधी भरीव असते आणि ती कोरत जायची. क्वेकमध्ये आधी पोकळी असते आणि ती भरत जायची. तेव्हा अजिंठा अनरियलवाल्यांनी केला, क्वेकवाल्यांनी नाही. "म्हून त्याह्यचं लवकर झालं," असंही वर.

त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणजे चोवीस-सातचा. वर्तुळावर पूर्णांकी बिंदू हवे होते. शाळेतल्या तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने पाच घरांच्या त्रिज्येचं वर्तुळ मिळतं. पाव फेरीत बिंदू चार: (५,०), (४,३), (३,४), (०,५). पण तुकडे विषम, कडेचे दोन ३.१६चे आणि मधला १.४१चा. मग एका रात्री त्याला पंचवीसची त्रिज्या सापडली. (२५,०), (२४,७), (२०,१५), (१५,२०), (७,२४), (०,२५). तुकडे पाच, त्यातले तीन ७.०७चे आणि दोन ८.९४चे. डोळ्याला जवळजवळ सारखे, आणि सगळी टोकं ग्रिडवर. आतल्या भिंतीसाठी आकडे सहाने गुणायचे, बाहेरच्या भिंतीसाठी दहाने. खरंच देखणी गोष्ट आहे, गणितात काठावर पास झालेला मीसुद्धा हे कबूल करतो. सकाळी त्याने दुकानात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की म्हणायचा, "चोवीस-सात निघालं!" एका आजीबाईंना वाटलं की सातबारा, आठ-अ तसा हा सरकारचा नवा उतारा असेल. त्या म्हणाल्या, "मंग माह्याबी काढ बाप्पा एक."

पुढे शेजारच्या घराला गोल बाल्कनी निघाली. वळणराव दुकान उघडं टाकून सेंट्रिंगच्या मिस्त्रीपाशी जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री, हे गोल कसं करता?"

"गोल कायचं भाऊ? बारक्या-बारक्या सिध्या पट्ट्या ठोकाच्या. गोल दिसते."

"आन् कोपरे?"

"वरून प्लास्टर."

वळणराव गप्प झाला. क्वेकला प्लास्टर नाही. ते आलं १९९९च्या 'क्वेक थ्री'त, बेझिए पद्धतीचे वक्र पृष्ठभाग घेऊन. पण ते वापरायला तो तयार नाही. त्यात म्हणे माणूस आळशी होतो. त्याचे वडील निवृत्त भूकरमापक, जन्मभर साखळी ओढलेले. ते खाटेवरून म्हणाले, "नाल्याचं वळण आमीबी सिध्या तुकड्यानंच मोजलं. पण संध्याकाळी घरी येत होतो."

बोळ बांधून झाला तरी विटांचं राहतंच. क्वेकच्या जुन्या पद्धतीत भिंतीवरचं चित्र सरळ अक्षावरून टाकलेलं असतं. भिंत तिरपी झाली की वीट ताणते, पंचेचाळीस अंशांत तर १.४१ पट. शिवाय तुकड्याची लांबी अपूर्णांकी, त्यामुळे प्रत्येक जोडाशी वीट कुठेतरी कापली जाते. वळणराव ती कापलेली वीट हाताने सरकवतो. अर्ध्या वर्तुळाचे दहा तुकडे, आत-बाहेर मिळून वीस भिंती, यात त्याचे दोन पावसाळे गेले. आता तो मार्ग थोडा चढता करायचं म्हणतोय. म्हणजे वळणातल्या जमिनीच्या चौकोनाची चार टोकं एका पातळीत येणार नाहीत, प्रत्येक चौकोन त्रिकोणांत चिरावा लागणार. हे सांगताना त्याचा चेहरा जावई येणार असल्यासारखा उजळतो.

मी एकदा हिशेब करून दाखवला. क्वेकमधला गडी सेकंदाला ३२० एककं पळतो. तुझ्या बोळाची मधली रेघ २०० एककांच्या त्रिज्येची, म्हणजे अर्धी फेरी सुमारे सव्वासहाशे एककांची. स्तूपामागून तो दोन सेकंदांत पार होणार, तेही मागे राक्षस लागलेला. वीट कोण बघतंय?

वळणराव जरा विचारात पडला. मग म्हणाला, "दोन सेकंद? मंग त्रिज्या वाढवा लागते."

नकाशा पुरा कधी होणार, हे त्याला आता कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो अजिंठ्याचंच उदाहरण देतो. "२४ नंबरचं लेणं पाह्यलं का? राजाच्या काळातलं हाय, कारागीर होते, पैसा होता. तरी अर्धंच राह्यलं. मी तर दुकान सांभाळून करून राह्यलो." लेण्यापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. २४ क्रमांकाचं लेणं अर्धवटच आहे. खात्री करायची असेल तर जाऊन पाहा, मात्र सोमवारी अजिंठा बंद असतो.