बैल माझा, छकडा तुझा

बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाला वाटून घेणं शिकवावं लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. तो निम्मा बाकावर असतो, निम्मा परमेश्वराच्या भरवशावर. अंबरनाथ-उल्हासनगरचे काही चतुर प्रवासी 'रिटर्न' येतात, म्हणजे आधी उलटे बदलापूरला येऊन त्याच गाडीत बसून राहतात. त्यामुळे आपल्याच स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत बदलापूरकर उभा आणि पाहुणा खिडकीत. म्हणून इंग्लंडातल्या लेस्टरहून भाच्याचा फोन आला, "मामा, इकडे स्पीडवेत रायडर शेअरिंगवरून केवढा गोंधळ आहे," तेव्हा मी म्हटलं, त्यात काय? इकडे ये, आमच्याकडे शेअरिंगवरून गोंधळ होत नाही, शेअरिंग हाच गोंधळ आहे.

स्पीडवे म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही ते परवाच कळलं. मातीचा अंडाकृती ट्रॅक, 500 सीसीची मोटारसायकल, गिअर एक, ब्रेक शून्य. चार जण सुटतात, चार फेऱ्या मारतात, मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला धूळ. अशा 15 शर्यती झाल्या की एक सामना होतो. बिनब्रेकचं वाहन ऐकून भाच्याच्या अंगावर काटा आला म्हणे. तो लहानपणी आमच्या रिक्षात बसला होता, हे तो विसरला.

तर तिकडे वरची लीग आहे प्रीमियरशिप आणि तिच्याखाली चॅम्पियनशिप. संघ बरेच, पण चांगले रायडर थोडे. म्हणून एकच रायडर आठवड्यात एका दिवशी वरच्या लीगमध्ये एका गावासाठी गाडी पळवतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या लीगमध्ये दुसऱ्याच गावासाठी. याला ते डबलिंग अप म्हणतात. एखादा जखमी झाला, की दुसऱ्या संघातला माणूस एका संध्याकाळपुरता 'गेस्ट' म्हणून बोलावतात. आज ज्याच्या नावाने शिट्ट्या मारल्या, तो पुढच्या आठवड्यात आपल्यालाच धूळ चारायला हजर. शिवाय पोलंडची लीग पैसा जास्त देते, त्यामुळे बड्या रायडरचं मन तिकडेच. प्रेक्षक विचारतात, आमचा संघ म्हणजे नेमका कोणता, अंगातल्या जाकिटाचा की जाकिटातल्या माणसाचा?

हा प्रश्न घेऊन मी आमच्या शेठकडे गेलो. शेठची बैलं शर्यतीत पळतात. गोठ्याला पंखे आहेत, कॅमेरे आहेत, आणि बैलाला रोज किती लिटर दूध जातं हे शेठ सांगत नाहीत, कारण घरात नातवंडं ऐकतात. मी त्यांना सगळं स्पीडवे पुराण सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे पैरा."

एका शब्दात इंग्लंड आटोपलं.

पैरा हा मूळचा गरिबीचा शब्द. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी ठरवून घ्यायचा: आज माझं नांगरू, उद्या तुझं. जोडी परवडत नाही म्हणून जोडी जमवायची. आता शर्यतीच्या मैदानात तोच शब्द श्रीमंतीचा झाला. एका मालकाचा बैल, दुसऱ्या मालकाचा बैल, छकडा तिसऱ्याचा, आणि वर बसलेला ड्रायव्हर ज्याला जिथून फोन येईल तिथला. सांगली जिल्ह्यात चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या मैदानात पहिलं बक्षीस म्हणून थार गाडी दिली, तेव्हापासून तर नुसता नाद राहिला नाही. दोन बैलांमध्ये एक थार कशी वाटायची, हा पैऱ्याच्या हिशेबातला नवा धडा आहे. पुढची चाकं तुझी, मागची माझी?

आपल्या शर्यतींनाही लीगसारखी रचना आहे बरं का. इंग्लंडात रायडरच्या सरासरी गुणांवरून संघाची ताकद मोजतात आणि मर्यादेबाहेर जाऊ देत नाहीत, म्हणजे सगळे वाघ एकाच पिंजऱ्यात जमायला नकोत. आपल्याकडे दात मोजतात. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि ज्याला कशाचीच अट नाही ते ओपन मैदान. आदतच्या मैदानात उतरलेल्या बैलाचं तोंड पंचांनी उघडून पाहायचं असतं. ही पद्धत मला फार आवडली. आपल्या अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापुरातल्या 'युवा' नेत्यांना ती लावली, तर कित्येक युवक मोर्चे एका सकाळीत ओपनमध्ये जातील.

घाटावर गट, सेमी, फायनल अशी शिडी असते. आमच्या कल्याण, अंबरनाथ, पनवेल पट्ट्यात बिनजोडीचा थाट मोठा: दोनच छकडे, समोरासमोर, मिटवून टाका. यात लीग नाही, गुणतक्ता नाही, पुढच्या वर्षी बघू हेही नाही. इज्जत एका धावेत जाते. म्हणून भांडणंही कडक. 2022 च्या नोव्हेंबरात अंबरनाथला शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला. त्यावर विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

भाचा म्हणाला, तिकडे सुधारणेसाठी मागण्या आहेत: दोन लीगच्या जागी एकच लीग करा, एका रायडरला एकच संघ द्या, गेस्ट बंद करा. मी विचारलं, याआधी कधी करून पाहिलं का? तर निघालं, पुष्कळदा. ब्रिटनमध्ये 1928 च्या फेब्रुवारीत हाय बीचला हा खेळ सुरू झाला. 1965 मध्ये सगळ्यांना एका ब्रिटिश लीगमध्ये घातलं. 1968 मध्ये खाली दुसरी डिव्हिजन काढली. 1995 मध्ये पुन्हा सगळे एकत्र. 1997 मध्ये पुन्हा वेगळे, वरच्यांचं नाव एलिट. 2017 मध्ये नाव बदललं, प्रीमियरशिप. जोडा, तोडा, पाटी रंगवा.

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारण 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले होते. आम्ही एका रात्रीत वरच्या लीगमध्ये गेलो. नळाला पाणी खालच्या लीगचंच राहिलं, ते सोडा. 1992 मध्ये आम्हाला बाहेर काढलं आणि नगरपालिका दिली. सत्तावीस गावांची कथा तर डबलिंग अपचा आदर्श नमुना: 2002 मध्ये कल्याण-डोंबिवलीतून बाहेर, 2015 मध्ये आत, 2020 मध्ये त्यातली अठरा पुन्हा बाहेर काढायचा आदेश, मग कोर्टाने तो रद्द केला. तिथला माणूस झोपताना गावकरी असतो आणि उठताना कर भरणारा शहरी. उल्हासनगरचं बरं. 1949 मध्ये राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, तेव्हापासून ते कॅम्प एक ते कॅम्प पाच अशा पाच डिव्हिजन सांभाळून आहे. गेस्टची कल्पनाही त्यांनी इंग्लंडपेक्षा पुढे नेली: मालावर 'मेड इन यूएसए' आणि विचारलं तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन. जाकीट एकाचं, आतला माणूस दुसऱ्याचा. हा किस्सा खरा की रचलेला, यावर वाद घालणाऱ्याने तिथून एकदा पॅन्ट घेऊन पाहावी.

आणि अंबरनाथ? डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदेचा निकाल लागला. सर्वांत जास्त नगरसेवक शिंदेंच्या शिवसेनेचे. मग राज्यात ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, त्या शिवसेनेला बाजूला ठेवायला भाजपने चक्क काँग्रेसशी पैरा केला. काँग्रेसने आपल्या 12 नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते बाराच्या बारा भाजपमध्येच गेले. स्पीडवेचा गेस्ट निदान सामना संपल्यावर जाकीट परत करतो. शेठ पेपर वाचून म्हणाले, "बैल बरा. त्याला कासरा तरी असतो."

तरीही सुधारणा हवी, असं मी शेठना पटवायला घेतलं. म्हटलं, एका हंगामात एका बैलाने एकाच जोडीत पळायचं. ते म्हणाले, "आणि दुसरा बैल लंगडला तर? मी काय जुवाला मेव्हणा जुंपू?" मी म्हटलं, मग निदान गावाच्या नावाने पळणारा बैल गावातलाच हवा. त्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमी मूळचे कुठले?" मी म्हटलं, साताऱ्याचा. "मंग बदलापूरकर म्हणून पेपरात लिवता कसं?" हा गेस्ट वर्मी लागला.

नियमांचं तर विचारूच नका. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली, 2017 मध्ये राज्याने कायदा केला, तोही अडकला, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी आली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. धाव 1000 मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मारहाण नाही, टोचणी नाही. बैलाची एवढी काळजी घेणारा कागद वाचून मला रडू आलं. चौथ्या सीटवरच्या माणसासाठी असा एकही कागद निघालेला नाही. पण या सगळ्या कागदांत पैऱ्यावर एक ओळ नाही. पैरा शब्दावर चालतो. शब्द दिला, की दिला. आणि शब्द देताना शेठ फार उदार.

गेल्या हंगामात त्या उदारपणाची पावती मिळाली. त्यांचा उजवीकडचा बैल त्यांनी महिन्याभरापूर्वी शेजारच्या गावच्या दादांना कबूल केला होता. नंतर बिनजोड ठरली, ती नेमकी त्याच दादांशी. शब्द मोडवेना. मग स्वतःच्या डावीकडच्या बैलाला जोड म्हणून त्यांनी घाटावरून एक पाहुणा बैल मागवला. झेंडा पडला. दोन छकडे सुटले. एकात शेठचा डावा, दुसऱ्यात शेठचा उजवा, आणि शेठ मध्ये कुंपणावर, कोणाला ओरडावं या विचारात तोंड उघडून. त्यांना पाहून आमचा एक सूज्ञ गाववाला म्हणाला, "शेठ, दोन्हीकडून बोंबला. एकीकडून तरी लागंल."

धुरळा बसला तेव्हा एका मुंडीच्या फरकाने दादांचा छकडा पुढे होता. म्हणजे शेठ हरले होते, शेठच्याच बैलामुळे. माईकवाल्याने घसा साफ केला आणि दोन्ही मालकांची नावं घेतली, जिंकलेल्यांत शेठ, हरलेल्यांत शेठ. दादांच्या पोरांनी धावत येऊन शेठच्या डोक्यावर गुलाल ओतला. शेठच्या पोरांना राग यावा की नाही हे कळेना, म्हणून त्यांनी आधी बैलांना पाणी दाखवलं. संध्याकाळी दोघांनीही स्टेशनबाहेर फ्लेक्स लावायचं ठरवलं. दादांचा अभिनंदनाचा, आमचा 'लढून हरलो'चा. फ्लेक्सवाल्याकडे मी शेठबरोबर गेलो होतो. त्याने मोबाइलवर दोन्ही डिझाइन उघडली, शेठचा फोटो एका फ्लेक्सवरून उचलून दुसऱ्यावर चिकटवला आणि म्हणाला, "फोटो दोन्हीकडं तोच हाय. कटिंगचे पैसे एकदाच घेतो. अर्धे तुमी द्या, अर्धे दादांकडून."