दहावीतले कंपू कसे जोडावेत: शिक्षकांसाठी पाठ टाचण

उद्दिष्ट: विद्यार्थ्यांमध्ये एकोपा निर्माण करणे. साहित्य: खडू, फळा, एक परिपत्रक.

पूर्वतयारी जूनमध्येच उरकावी. कंपू जोडायचे तर आधी ते नीट पाडलेले हवेत. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारी सेमीची मुलं ‘अ’ तुकडीत घालावीत, उरलेली ‘ब’मध्ये, आणि ज्यांची नावं आपल्याला दिवाळीपर्यंत पाठ होणार नाहीत ती ‘क’मध्ये. ‘अ’ला वरच्या मजल्यावरचा हवेशीर वर्ग, ‘क’ला सायकल स्टँडशेजारचा. मग डिसेंबरात स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता म्हणावं, “हल्लीची पोरं फार ग्रुप करून राहतात हो!”

पहिली कृती सहभोजनाची. वर्षातून एक दिवस जेवताना अनोळखी मुलांशेजारी बसायचं, असा उपक्रम अमेरिकेतल्या शाळांत २००२ साली सुरू झाला. आपण मुलांना हजेरी क्रमांकानुसार पंगतीत बसवावं. मधली सुट्टी सुरू झाली की डब्याच्या झाकणातला अर्धा पराठा चौघांच्या हातांतून सरकत सरकत बरोबर आपल्याच कंपूतल्या मैत्रिणीपाशी पोहोचतो. मधल्या चौघांना तो पुढे सरकवण्याचा मान मिळतो. अहवालात याला ‘अन्नाची देवाणघेवाण’ म्हणावं.

शास्त्रीय आधार हवा असेल तर मुझफर शेरीफ यांचा १९५४चा प्रयोग सांगावा. ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात त्यांनी अकराएक वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडले आणि स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी अन्नच फेकून मारलं. पुढे पाणी बंद पडलं, सामानाचा ट्रक अडला, आणि दोघांना मिळूनच निस्तरावं लागलं, तेव्हा कुठे जमलं. (हे सगळं शेरीफ यांनीच मुद्दाम घडवलं होतं.) पाणी बंद पाडण्यासाठी आपल्या शाळेला वेगळे कष्ट पडणार नाहीत. अडचण एवढीच, की टाकी कोरडी पडली तरी ‘अ’ तुकडीच्या दप्तरात घरची बाटली असते. तहान सगळ्यांना लागली नाही, तर प्रयोग फसतो.

दुसरी कृती गटप्रकल्पाची. एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात एकाच धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. बाकीच्यांना आपला तुकडा शिकवल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. आपण इतकं लांब जाऊ नये. पाच नावं, एक हस्ताक्षर आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या रंगीत प्रिंट एवढ्यावर प्रकल्प स्वीकारावा. हस्ताक्षर कुणाच्या आईचं आहे, हे विचारू नये.

तिसरी कृती स्नेहसंमेलन. नाचाचा सराव शाळा सुटल्यावरच ठेवावा, म्हणजे एसटीने गावाकडे जाणारी मुलं आपोआप गळतात. पोशाखाचं भाडं ज्याचं त्याने भरावं, म्हणजे आणखी काही गळतात. उरलेल्यांमध्ये चांगला एकोपा असतो.

इथे एक धोका संभवतो. ‘अ’च्या मुलींनी गोंधळ बसवायला घेतला, संबळ वाजवणारा मिळेना, आणि ‘क’मधला एक पोरगा घरच्या संबळावर वाजवतो असं कळलं, तर त्या कुणालाही न विचारता सायकल स्टँडशेजारच्या वर्गात जातात. त्याची पाचची एसटी चुकू नये म्हणून सराव मधल्या सुट्टीत आणतात. “ए, ताल चुकतोय तुमचा,” असं तो ‘अ’च्या मॉनिटरला खुशाल सुनावतो, आणि ती ऐकते. त्याचे मित्र दारात उभे राहून आधी हसतात, मग झांजा मागतात. अशा वेळी शिक्षकांनी तातडीने हस्तक्षेप करावा. समिती नेमावी, अध्यक्ष ‘अ’चा घ्यावा, सराव पुन्हा शाळा सुटल्यावर न्यावा.

मूल्यमापन: फोटोसह अहवाल दोन प्रतींत सादर करावा. फोटोत तिन्ही तुकड्या दिसायला हव्यात. तपासणाऱ्याला ओळखू याव्यात म्हणून मुलांना तुकडीवार उभं करावं.