पेंटोकाका

डोंबिवलीच्या फलाटावर सगळे इंडिकेटरकडे बघत असतात, तेव्हा पेंटोकाका मान वर करून ओव्हरहेड वायरकडे बघत असतात. तार जराशी थरथरली की म्हणतात, "आली." आणि खरंच येते. मग इंडिकेटर चुकल्याच्या आनंदात स्वतः चढायचे राहतात आणि आम्ही त्यांना दंडाला धरून आत ओढतो.

माणूस रेल्वेतला नव्हे हो. सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. घरातला फ्यूज उडाला तर आजही मुलाला हाक मारतात. पण लोकलबद्दल असे बोलतात, की जणू ती त्यांच्याच घरून डबा घेऊन निघते. कुणी "आज पुन्हा लेट" म्हटलं की जावयाबद्दल कुणी वाईट बोलावं तसा चेहरा होतो. "गाडीची काही चूक नाही रे. पुढे सिग्नलच नाही, तर ती काय करणार?"

चढल्याबरोबर त्यांचा तास सुरू होतो. विद्यार्थी म्हणजे ज्याचं नाक त्यांच्या खांद्यात रुतलंय, तो. "तार रुळांच्या बरोब्बर मधून का जात नाही, सांग बघू?" तो बिचारा सांगू शकत नाही, त्याला श्वासच घेता येत नसतो. काका स्वतःच सांगतात. तार एका खांबापाशी किंचित डावीकडे, पुढच्या खांबापाशी किंचित उजवीकडे, अशी नागमोडी ओढलेली असते. सरळ असती तर पेंटोग्राफच्या, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याच्या, पट्टीला एकाच जागी घासून खाच पडली असती. हे सांगताना काकांचा तळहात पट्टी होतो आणि शेजाऱ्याची छत्री तार. छत्रीवाल्याला उतरायचं असलं तरी धडा संपेपर्यंत छत्री मिळत नाही.

त्यांचा आवडता अध्याय म्हणजे डीसीचं एसी कसं झालं. "पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी, आता २५,००० व्होल्ट एसी. तेवढ्याच कामाला करंट जवळजवळ सतरा पट कमी! करंट कमी, म्हणजे तारेत वाया जाणारी वीज कमी. सबस्टेशनं लांब लांब ठेवली तरी चालतात." हा बदल चालू होता ती वर्षं म्हणजे काकांचा सुवर्णकाळ. दोन विजांची हद्द आली की डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे. नवखे "बंद पडली, बंद पडली" म्हणून ओरडायचे आणि त्या अंधारात एकट्या काकांचा आवाज प्रसन्न असायचा, "काही नाही, वीज बदलतेय."

एप्रिल २०१६ मधल्या एका रात्री हार्बर मार्गावरून डीसी कायमची गेली. त्या रात्री काका काकूंना म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." काकूंनी चांगली साडी नेसली, गजरा माळला. काकांनी त्यांना कुर्ल्याला नेलं आणि शेवटच्या डीसी लोकलमध्ये बसवलं. जेवण म्हणून फलाटावरचा वडापाव. काकू हा किस्सा अजूनही सांगतात. रागानेच सांगतात, पण सांगताना गजऱ्याचा उल्लेख कधी गाळत नाहीत.

ब्रेक लागला की काका बोट वर करतात. "आता मोटारीच जनरेटर झाल्या. वीज तारेत परत चालली. शेजारून जाणारी गाडी ती वापरणार." एकदा कोपऱ्यातून आवाज आला, "काका, मग आमच्या पासातून तेवढी वजा करायला सांगा ना." डबा हसला. काका हसले नाहीत. मुद्दा रास्त वाटून ते ठाण्यापर्यंत गप्प होते.

३ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी डब्यात पेढे वाटले. "मुलाचं जमलं का?" "नातू झाला?" अभिनंदनं सुरू झाली. काकांनी पेढ्याचा बॉक्स छातीशी धरून जाहीर केलं, "१९२५ साली याच दिवशी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली. चार डब्यांची! शंभर वर्षं झाली." लोकांनी आदराने दुसरा पेढा घेतला. एकाने वर बघून विचारलं, "शंभर वर्षांत हा पंखा का नाही हो सुधारला?" काकांनी शांतपणे खिशातून कंगवा काढला, जाळीतून आत घालून पात्याला टिचकी दिली. पंखा फिरला. काकांना टक्कल आहे. कंगवा निव्वळ पंख्यासाठी बाळगतात.

पावसाळ्यात मात्र हाच माणूस उपयोगी पडतो. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली, मोबाइलची बॅटरी संपत आली आणि बाहेर पाणी चढताना दिसू लागलं, की डब्याला कुणीतरी बोलणारं हवं असतं. मोटारी डब्याखाली, चाकांच्या आसांपाशी असतात. पाणी रुळांवर चढलं की त्यांना धोका, आणि रूळ बदलणारी पॉइंट मशीनं तर त्याआधीच मान टाकतात, हे काका इतक्या सावकाश, इतकं तपशिलात सांगतात की घाबरायला वेळच उरत नाही. तोवर कुणीतरी चिवडा काढतं. एरवी त्यांना टाळणारे त्या दिवशी सरकून त्यांना चौथी सीट देतात.

एसी, म्हणजे वातानुकूलित, लोकल त्यांना सोसत नाही. थंडीमुळे नव्हे, दारं बंद, त्यामुळे मोटारीचा आवाज नीट येत नाही. नेहमीच्या गाडीत ते डोळे मिटून ओळखतात, "सिमेन्सचा रेक. सुटतानाचा सूर ऐक," आणि तो चढत जाणारा सूर तोंडाने काढून दाखवतात, शेजारचा झोपलेला असला तरी. परवा नाइलाजाने एसीत चढले आणि आवाज मिळावा म्हणून डब्याच्या भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. एका कॉलेजच्या मुलीला वाटलं, आजोबांना चक्कर येतेय. तिने घाईने उठून जागा दिली, पाण्याची बाटली पुढे केली. काका बसले, पाणी प्यायले आणि तिला इन्व्हर्टर समजावू लागले. मुलगी घाटकोपरला उतरली. काकांना अजून रुखरुख आहे, ब्रेकचं सांगायचं राहून गेलं.