गडग्यावरून : पहिली पंगत की दुसरी?

"अगो, कपडे मागाहून वाळत घाल. आधी इकडे ये. मी बोटीने लक्षद्वीपला चालल्ये, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! काकूंच्या मुलाने सकाळी तिकिटं काढली आणि दुपारी ती बातमी आळीच्या टोकाला पोचली होती. मी नुकतीच त्याच फेरीला जाऊन आलेली, त्यामुळे गडग्याच्या अलीकडे परीक्षार्थी मी आणि पलीकडे परीक्षक काकू.

"बॅलार्ड पिअरहून ना, काकू?"

"हो. आमच्या वेळी भाऊचा धक्का. डेकवर पथारी टाकायची, भाकरी-चटणी सोडायची. बंदर आलं की बोट लांब उभी आणि आम्ही पडावात! आता तसलं काही नसेल म्हणा."

"आहे हो! अगत्तीला मोठी बोट बाहेरच नांगर टाकते आणि लहान बोटीने किनाऱ्याला नेतात. गुडघ्याचा पट्टा घ्या बरोबर. बेटावर उतरायला परवाना लागतो, त्याचा फॉर्म आधीच भरून द्यायचा. आणि भाकरी-चटणी विसरा. घरचं शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत."

"मग माझा चहा? लहानशी किटली घेतल्ये मी."

"ती तपासणीत काढून ठेवतील आणि उतरताना परत देतील. इस्त्री, शेगडी, वायरचा फळा, कशालाच परवानगी नाही. समुद्रात आगीची भीती सगळ्यात मोठी. चहा बुफेत मिळतो. आणि गोळ्यांची पिशवी खांद्याला ठेवा. मोठी बॅग धक्क्यावर त्यांच्या ताब्यात जाते, खोलीत येईस्तोवर संध्याकाळ होते."

काकूंनी किटलीचा विषय नाइलाजाने सोडला आणि खऱ्या विषयाला हात घातला.

"जेवणाचं सांग. व्याही बरोबर आहेत."

काकूंचे व्याही जैन. काकूंना बांगड्याशिवाय आठवडा जात नाही. लग्नापासून दोन्ही घरांनी हे फार नाजूकपणे सांभाळलंय.

"बोटीवर उपाशी कुणी राहत नाही, काकू. अडतं ते आधी न सांगितल्यामुळे. जैन जेवण हवं तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं. टेबलावर बसल्यावर सांगितलं, तर आचाऱ्याने हजारो माणसांची ग्रेव्ही आधीच कांद्यात परतलेली असते."

"नेमकी एकादशी येत्ये मधे. मग मीपण त्या दिवशी जैनच लिहू?"

"छे! फसाल. जैन जेवणात बटाटा नाही, रताळं नाही, सुरण नाही. आपला उपास तर सगळा जमिनीखालचाच. साबुदाणासुद्धा कंदाचा!"

"अरे देवा! म्हणजे त्यांच्या रोजच्या जेवणाने माझा उपास मोडायचा आणि माझ्या उपासाने त्यांचा धर्म?"

"म्हणून वेगळं सांगायचं. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा, एवढं कुठल्याही बोटीवर मिळतं. वर राजगिऱ्याचे लाडू कंपनीच्या बंद पाकिटातले न्या, ते सहसा अडवत नाहीत. आणि वाढपी कुठला ते विचारा. बोटींवर गोव्याची माणसं पुष्कळ. त्याला साबुदाणा म्हणजे काय हे समजवायला लागत नाही."

"बरं, पंगती किती?"

"मोठ्या बोटींवर दोन तऱ्हा असतात. एकीत वेळ आणि टेबल ठरलेलं : पहिली पंगत सहाच्या सुमाराला, दुसरी साडेआठच्या. दुसऱ्या तऱ्हेत हवं तेव्हा जा, जागा असेल तिथे बसा. ठरलेल्या टेबलाचा फायदा असा की वाढपी रोज तोच. दुसऱ्या दिवशी न सांगता बिनसाखरेचा चहा येतो."

"साडेआठ बरी. आपली सवयीची."

"तुमची साखरेची गोळी किती वाजता?"

"सातला."

"मग पहिलीच घ्या. रात्री भूक लागली तर बुफे असतो. आणि मासे दुपारी बुफेतच उरका. तिथे प्रत्येकाचं ताट वेगळं, कोण काय वाढून घेतंय ते बघायला कुणी येत नाही. रात्री व्याह्यांसोबत शाकाहारी."

काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. पण पैशाचं निघाल्याशिवाय आमच्या आळीतली चौकशी संपत नाही.

"तिकिटात सगळं येतं ना?"

"मोठं जेवणघर आणि बुफे येतो. खास उपाहारगृहांचे पैसे बहुतेक वेगळे, दारू वेगळी, झकपक कॉफीही वेगळी. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड, तेच सगळीकडे दाखवायचं. खिशातून नोट जात नाही, म्हणून नातवंडांच्या हाती ते देऊ नका. आणि कित्येक बोटींवर माणशी रोजची बक्षिशी बिलात धरतात. इथे धरल्ये का, ते तिकीट काढणाऱ्याला विचारा."

"आणि बोट लागली तर? मुलाने वरच्या मजल्याची बाल्कनीवाली खोली घेतल्ये."

"बदलता आली तर बदला. वर आणि टोकाला हेलकावा जास्त. खालची, मधली खोली स्थिर. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, पण मळमळायच्या आधी, नंतर उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक न्या. आणि बुफेला जाण्याआधी साबणाने हात धुवा. बोटीवर ज्याने उलट्या-जुलाबांची साथ येते, तो नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला पुरेशी दाद देत नाही."

"एवढं ऐकलं. ती संकटाच्या भोंग्याची कवायत असते, ती टाळली तर चालेल? सून म्हणत होती, कंटाळवाणी असते."

"ती मात्र टाळू नका. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली. नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायचीच होती. 2015 पासून नियमच आहे की बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यायची."

काकू क्षणभर गप्प झाल्या. "आमच्याकडे रामदास बोटीचं नाव निघालं की अजून बायका बोलायच्या थांबतात. 17 जुलै 1947. रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. नाही गो, मी पहिल्या रांगेत उभी राहीन."

मग त्यांनी पदर खोचला. "आता तूच त्या लोकांना माझ्या नावाने मेल लिही. खोली खालची, मधली. पंगत पहिली. साखर नको. एकादशीला बटाटा. व्याह्यांना जैन. आणि विहीणबाईंच्या शेजारची खुर्ची मला नको, हे लिहिता येतं का?"

"ते लिहायचं नसतं, काकू. आठ जणांचं टेबल मागायचं आणि दोघींच्या मधे नातवंडं बसवायची."

"लिही, लिही. दहाचंच माग."