स्वतःचा नमुना

पुण्यात उन्हाळ्यात स्वेटर कोण घालतं, हे आमच्या मावशीला विचारायचं नसतं. भर एप्रिलात पंखा पाचवर ठेवून ती विणत बसलेली असते. "लोकरीचा नाही रे, सुती आहे. बिनबाह्यांचा, जाळीचा. आत वारं खेळतं." आणि लगेच, "आता बोलू नकोस, टाके मोजतेय."

विणणाऱ्या बायका खूप असतात. पुस्तकात बघून विणतात, संपवतात, घालतात. मावशीची जात वेगळी. पुस्तकातलं विणणं म्हणजे तिच्या मते शेजारच्या मुलाची वही बघून गणितं सोडवणं. "नमुना आपला आपण बसवावा." तो बसतो दुधाच्या बिलामागे. आधी हातभर नव्हे, वीतभर तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मोजायचा. "१० सेंटिमीटरला २२ टाके. घेर १०० धर. म्हणजे २२०. पुढे ११०, पाठीला ११०." महिनाअखेरीस काका बिल शोधत घरभर फिरतात. तसे ते गरीब आहेत. लडी सोडवायची असली की दोन्ही हात पुढे करून निमूट बसतात, मान खाजवायचीही सोय नाही.

एकदा नातवाकडून आलेखाचा कागद मागून घेतला आणि त्यावर झोकात कमळ काढलं. विणून झालं तर ते कुणीतरी वर बसल्यासारखं चेपलेलं! सुलट विणीतला टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त, कागदावरची घरं मात्र चारी बाजूंनी सारखी. मावशीने दोष कागदाला दिला आणि रात्री पट्टी घेऊन आडवी घरं स्वतः आखली.

अमेरिकेहून लेकीने ८ नंबरच्या सुया पाठवल्या, तेव्हाही असंच. आपल्याकडची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ५. वर आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. हा मावशीला निव्वळ आगाऊपणा वाटतो. त्या सुयांनी हल्ली ती परकराची नाडी ओवते.

उसवताना मात्र तिचा चेहरा बघावा, काय खुलतो! गळा अर्धं बोट वर आला, उसव. सूत लोकरीसारखं आखडून जागेवर येत नाही, स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतं, म्हणून लांबी कमी करायची. ती जरा जास्तच कमी झाली, उसव. "दोरा कुठे पळून जातोय?" सध्याचा आकाशी दोरा याआधी काकांची बंडी होता, त्याआधी नातवाचं झबलं.

यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला तो स्वेटर एकदाचा पुरा होऊन सुनेच्या अंगावर आला. बायकांनी काठ उलटून उलटून बघितला. शेजारच्या काकूंनी नमुना मागितला. मावशीने कौतुकाने दुधाचं बिल काढून दिलं.

"'दोन सु., जा., दोनचा एक, मग मागल्यासारखं.' अहो, मागल्यासारखं म्हणजे कसं?"

मावशीने चष्मा लावला. बिल उजेडात धरलं, उलटं धरलं. शेवटी म्हणाली, "उसवूनच बघायला हवं," आणि सुनेकडे वळली.

सून पन्ह्याचा ट्रे घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली.